काकडीतला बॉम्ब

आमच्या आणि आक्कांच्या अंगणामधल्या भिंतीला खिंडार पडलंय. भिंत छातीएवढी, काळ्या दगडाची. दगड कुठले, हे परंड्यात कुणी कुणाला विचारत नाही. किल्ल्याच्या पडक्या तटाकडं एकदा बघितलं की पुरे. 2025 च्या सप्टेंबरात जो पाऊस झाला त्यानं सीनाकाठची गावं पाण्यात घातली, माणसं पत्र्यांवर चढून बसली. त्यात आमच्या भिंतीचे चार दगड कोण मोजतो? दोन्ही घरच्या मालकांनी ते बुजवायचं दोनदा ठरवलं, गवंडीही येऊन बघून गेला. आम्ही दोघींनी दरवेळी काहीतरी कारण काढून त्याला परत लावला. त्या खिंडारातून भाजीची वाटी जाते, मांजर जाते, आणि पूर्वी भिंतीवर कोपरं टेकवून उभ्यानं बोलावं लागायचं ते आता पाटावर बसून बोलता येतं. बार्शीच्या डॉक्टरांनी माझे गुडघे बदलायला सांगितलेत, त्यामुळं खिंडाराची कदर मला जरा जास्तच.

शिवजयंती होऊन चार-पाच दिवस झाले असतील. चौकातले झेंडे उतरले नव्हते, रोजे सुरू झाले होते, आणि कारखान्यांचा हंगाम अजून संपलेला नसल्यामुळं वाळत घातलेल्या कपड्यांवर काजळी पडत होती. पाचच्या सुमाराला आक्का विळी घेऊन खिंडारापाशी बसल्या. पुढ्यात काकड्या.

"बाई, काकडीला विंग्रजीत काय म्हणत्यात?"

मी जिल्हा परिषदेच्या शाळांत पस्तीस वर्षं काढली. रिटायर होऊन किती दिवस झाले, तरी गल्ली मला बाईच म्हणते आणि माझी तोंडी परीक्षा घ्यायचा हक्कही राखून आहे.

"कुकम्बर."

"आता भराभरा म्हणा."

"कुकम्बर, कुकम्बर, कुकम्बर."

"आला का ऐकू बॉम्ब?"

मी म्हटलं, आक्का, ऊन लागलंय का? पण त्यांच्या चेहऱ्यावर फोन येऊन गेल्याची कळा होती. त्यांची धाकटी इंग्लंडात असते. जावई कॉम्प्युटरवाले, ती दोन वर्षं घरात बसून कंटाळली आणि आता तिथल्या एका नर्सरीत कामाला लागलीय. नर्सरी म्हणजे आपली अंगणवाडीच, फक्त खिचडी आणि कुत्रं नाही. कामावर घेताना तिला मोबाइलवर कोर्स करायला लावला. लेकराच्या घशात द्राक्ष अडकलं तर काय करायचं, भाजलं तर काय, हे झालंच. शेवटचा धडा मात्र निराळाच निघाला: लेकराच्या बोलण्यात, चित्रात, खेळात कट्टरपणाची लक्षणं दिसली तर कुणाला सांगायचं.

"केवढी लेकरं आहेत तिच्याकडं?" मी विचारलं.

"दोन वर्साची बी हायेत. लंगोट बदलायचा आन् लक्षणं बघायची." आक्कांनी काकडीचं टोक कापून दोन्ही तुकडे एकमेकांवर घासले, कडूपणा निघावा म्हणून. फेस आला तो पदरानं पुसला. "आता ऐका, बॉम्ब कुठनं आला."

तर गोष्ट अशी. लूटन म्हणून लंडनच्या वरच्या अंगाला गाव आहे. तिथल्या नर्सरीत चार वर्षांच्या एका पोरानं चित्र काढलं: माणूस, हातात भलामोठा सुरा, काहीतरी कापतोय. हे काय, म्हणून विचारल्यावर पोरगं बोबडं बोललं, कुकम्बर. बाप काकडी चिरत होता. बाईंच्या कानांना ऐकू आलं, कुकर बॉम्ब. घर मुसलमानाचं. आईला बोलावून घेतलं, पुढं फॉर्म ठेवला, आणि लेकराला कट्टरपणा उतरवायच्या सरकारी कार्यक्रमाकडं धाडायची भाषा सुरू झाली. 2016 च्या मार्चमध्ये हे बीबीसीवर आलं. पुढं प्रकरण निवळलं, पण निवळलं म्हणजे काय? त्या घरात आता काकडी चिरताना कसं वाटत असेल, एवढंच मला आपलं वाटून गेलं.

"पण बाई, कुकरचा बॉम्ब असतोय व्हय?"

"असतो. 2013 ला अमेरिकेत बोस्टनच्या मॅरेथॉनमध्ये दोघा भावांनी कुकरच वापरले होते."

"मंजे ती बाई अगदीच येडी न्हवती."

"भ्यायली होती. भ्यालेल्याच्या कानाला दोरी साप ऐकू येते."

"दोरी दिसती, बाई. ऐकू न्हाई येत."

आक्का चौथी पास आहेत, पण माझी चूक कधी सोडत नाहीत.

आक्कांच्या लेकीच्या मागं लागून मी तिकडचा कायदा समजावून घेतला. रिकामा वेळ आहे आणि चष्मा नवा आहे. 2015 चा दहशतवादविरोधी कायदा. 1 जुलैपासून शाळांवर आणि नर्सऱ्यांवरसुद्धा जबाबदारी आली की माणसं दहशतवादाकडं ओढली जाऊ नयेत याकडं लक्ष द्यावं. 'कळवलं नाही तर तुरुंग' असं त्यात कुठं नाही, शब्द चांगले मवाळ आहेत. पण आम्ही नोकऱ्या केलेली माणसं. मवाळ शब्दाला तपासणी जोडली की त्याचं काय होतं ते आम्हाला विचारा. साहेब येणार, रजिस्टर उघडणार, लक्ष दिलं का म्हणणार. आणि ज्याच्या रजिस्टरात एकही नाव नाही त्यानं लक्ष दिलं नाही, असाच त्याचा अर्थ लागणार. शाळाबाह्य मुलं शोधायच्या मोहिमेत आम्ही हेच केलंय. शून्य लिहिलं की फोन यायचा, म्हणून एखादं तरी नाव टाकायचो. तिकडं 2023-24 या एका वर्षात 6,922 नावं कळवली गेली आणि त्यातला सगळ्यात मोठा गट अकरा ते पंधरा वयाचा. म्हणजे मिसरूडही न फुटलेली पोरं.

आम्ही इथवर आलो होतो तेवढ्यात अंगणवाडीच्या ताई आल्या. गल्लीला ताई, मला मात्र ती तिसरीतल्या दुसऱ्या बाकावरची मुलगी, म्हणून मी अगं-तुगं करते. एका हातात मोबाइल, खांद्याला पिशवी, तोंडावर दिवसभराचा वैताग. आता घरी न्यायचा पोषण आहार द्यायचा तर आईचा चेहरा मोबाइलला दाखवावा लागतो. एक बाई बाळंतपणानं एवढी वाळलीय की मोबाइल तिला ओळखायलाच तयार नाही. "म्हणजे बाई, जिला खायची गरज हाय तिलाच ते म्हणतंय तू ती न्हाईस."

आक्कांनी तिला काकडीची फोड दिली आणि बॉम्बसकट सगळी हकीकत ऐकवली. ती हसली नाही, आधी दचकली.

"आपल्याकडं आलंय का हे?"

"नाही गं. तिकडचं आहे."

"मग बरं. तिकडचं इकडं यायला काय लागतंय? उंची हाय, वजन हाय, दंडाचा घेर हाय, आधार हाय, चेहरा हाय. आता कट्टरपणा. सॅम, मॅम का नॉर्मल, टाका टिकमार्क!"

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी: सॅम म्हणजे तीव्र कुपोषित, मॅम म्हणजे मध्यम. अंगणवाडीला 2025 च्या 2 ऑक्टोबरला पन्नास वर्षं झाली, आणि या पन्नास वर्षांत एकही रजिस्टर बंद झालेलं तिनं पाहिलेलं नाही. 2021 मध्ये इंग्रजीतलं ॲप नको म्हणून राज्यभरच्या सेविकांनी सरकारी मोबाइल परत केले होते, त्यात तीही होती. मोबाइल परत गेला. ॲप परत आलं.

मग तिनं पिशवीतून एक कागद काढून खिंडाराच्या दगडावर पसरला. "हे बघा. आजचं हाय. सांगा काय हाय."

आडवी, काळी, जाडजूड लांबडी वस्तू. एका टोकाला लाल-पिवळं गिरगटलेलं. वर सगळीकडं काळे ठिपके, काही ठिपक्यांना शेपट्या. खाली चौकोन, त्यात एक काड्यांचा माणूस.

"तोफ!" आक्का आणि मी एकदमच म्हणालो.

यात आमचा दोष नाही. परंड्यात लेकरू पेन्सिल धरायला लागलं की आधी किल्ला काढतं आणि मग तोफ. विजापूरची मुलूखमैदान तोफ 1632 मध्ये आमच्या किल्ल्यातून नेली, हे प्रत्येक परंडेकर पाहुण्याला चहाच्या आधी सांगतो. ती नगरला ओतलेली होती हे चहानंतर सांगतो, तेही पाहुण्यानं विचारलं तर. गेल्या आठवड्यात तर शिवजयंती झालेली, गल्लीतली निम्मी पोरं कागदाच्या तलवारी घेऊन हिंडत होती. लूटनची ती बाई इथं आली असती तर सगळा गाव फॉर्मात भरून मोकळी झाली असती.

"कुणाच्या लेकराचं हाय गं?" आक्कांनी विचारलं.

"सांगत न्हाई."

"का?"

"लेकरू कळलं की तुम्हाला चित्र निराळं दिसंल."

आक्का गप्प बसल्या. मीही. पोरगी तिसरीत असताना पाढ्यांना कच्ची होती, पण असलं तिला तेव्हाही कळायचं.

पण आक्का सहजासहजी हरणाऱ्यातल्या नव्हेत. "तुम्ही दोघी हसा," त्या म्हणाल्या. "आष्टीचं इसरला का? त्या पोराचं?"

विसरले नव्हते. 2023 चा जून. कोल्हापुरात औरंगजेबाच्या स्टेटसवरून दगडफेक झाली, आणि त्याच आठवड्यात बीडच्या आष्टीत असल्याच स्टेटसपायी गाव बंद ठेवलं. आष्टी इथून काही लांब नाही. स्टेटस ठेवणारं पोरगं होतं चौदा वर्षांचं. एका लेकराचा अंगठा फिरला आणि पेठेची शटरं खाली.

"ते चौदाचं होतं, आक्का. हे चारचं," ताई म्हणाली.

"चौदाचं चारातूनच जातंय की. आभाळातून पडतंय का?"

आता हे खोटं कसं म्हणायचं? दाभोलकरांच्या खुनात 2024 च्या मे महिन्यात ज्या दोघांना जन्मठेप झाली, तीही आपल्या मराठवाड्याचीच पोरं. कल्याणची चार पोरं 2014 ला इराकला गेली, तीही कुणाच्या तरी वर्गात पहिल्या बाकावर बसून अआइई गिरवत असणार. त्यांच्या बाईंना कधी काही जाणवलं असेल का? मला हा प्रश्न रात्री-बेरात्री पडतो, कारण माझ्या हाताखालून किती गेली आणि कुठं पोचली त्याची यादी माझ्याकडं नाही.

"खरं लक्षण सांगू का तुम्हाला?" ताईनं फोड संपवून हात झटकले. "ते चित्रात न्हाई दिसत. खिचडीच्या टायमाला दिसतंय."

गेल्या वर्षीची गोष्ट. साडेतीन वर्षांची एक मुलगी. सगळी मांडी घालून ओळीत बसली की ही आपलं ताट हळूच मागं ओढायची. रोज, एका ठरावीक मुलीशेजारी आली की. ताईनं विचारलं, काय गं? तर म्हणाली, आजी म्हणलीय हिच्या ताटाला ताट लागू देऊ नको. कुठली मुलगी कुठल्या घरची हे ताईनं आम्हाला सांगितलं नाही, आणि आम्ही विचारलं नाही. परंड्यात तेवढं न विचारता कळतं, हीच तर सगळी भानगड आहे.

"मग काय केलंस?"

"काय करणार? माझं ताट घेतलं, दोघींच्या मधी बसले. एका अंगाला हिचं ताट टेकवलं, दुसऱ्या अंगाला तिचं. कायबी बोलले न्हाई. तीन आठवडे जेवले तशी. मग वजनकाटा घेऊन हिच्या घरी गेले. वजन महिन्याचं झालं होतं, तरी गेले. आज्जीपाशी बसले, तिच्या गुडघ्याचं ऐकलं, शुगरचं ऐकलं, चहा घेतला. मुद्दा काढलाच न्हाई."

"आन् आज्जी सुधारली?" आक्कांनी विळी आडवी केली.

"आज्जी कशाची सुधारती? पण पोरगी ताट ओढायचं इसरली."

"हे कुणाला कळवलंस का?" मी विचारलं. जुनी खोड.

"कुणाला कळवू? ॲपात तसलं बटन न्हाई. आन् बाई, कळवलं असतं, घरी चौकशी आली असती, तर परत त्या आज्जीनं मला उंबरा ओलांडू दिला असता का? लेकरू दुसऱ्या दिवशी यायचं बंद झालं असतं. मग ताट कुणाच्या मधी ठेवू?"

इतक्यात मागच्या दारानं भाभी आल्या. त्यांचं घर आमच्या परसाला लागून. शिवणकाम करतात, गल्लीतली निम्मी पोलकी त्यांच्या हातची. डोक्यावर ओढणी, हातात रिकामं ताट. काकड्या त्यांच्यासाठीच चालल्या होत्या, इफ्तारीला. आक्कांच्या मळ्यातली पहिली काकडी रोज्यात भाभींकडं जाते, ही माझ्या लग्नाआधीपासूनची रीत.

आणि आम्ही तिघी गप्प झालो.

कुणी ठरवलं नव्हतं. आक्कांची विळी थांबली, ताईनं तो कागद उचलून घडी घातला, मी उगाच आभाळाकडं बघितलं. अर्धा मिनिटसुद्धा झाला नसेल.

"काय चाललंय?" भाभींनी ताट दगडावर ठेवलं. "आमच्यावरच चाललं होतं का?"

"तुमच्यावर न्हाई वो, काकडीवर," आक्का म्हणाल्या, आणि त्यांचा चेहरा असा झाला की खोटंच बोलतायत. मग सगळं परत सांगणं आलं. लूटन, सुरा, कुकर. भाभी ऐकून हसतील असं आम्हाला वाटलं होतं. त्या म्हणाल्या, "माझं माहेर बीदरकडचं हाय, ठाऊक हाय ना तुम्हाला?"

बीदरची हकीकत मी पेपरात वाचली होती. भाभींनी ती माहेरच्या फोनवरून ऐकलेली. 2020 च्या जानेवारीत तिथल्या शाहीन शाळेत चौथी ते सहावीच्या पोरांनी नागरिकत्वाच्या कायद्यावर नाटुकलं केलं. कुणीतरी तक्रार केली. राजद्रोहाचं कलम लागलं. मुख्याध्यापिका आणि एका लहान मुलीची आई अशा दोघींना अटक झाली. आई जेलात आणि पोरगी शेजाऱ्यांकडं, असे पंधरा दिवस गेले. पोलीस शाळेत येऊन पोरांना विचारत होते, हे बोलणं तुम्हाला कुणी शिकवलं? एकदा नव्हे, परत परत. कर्नाटकच्या हायकोर्टानं पुढं पोलिसांना सुनावलं की युनिफॉर्म घालून, हत्यारं लावून लेकरांची चौकशी करायची नसते. आणि 2023 च्या जूनमध्ये राजद्रोहाचा खटलाच रद्द केला.

"साडेतीन वर्सांनी," भाभी म्हणाल्या. "तोवर आमच्याकडं काय झालं सांगू? माझ्या भावजयीनं पोराला शिकवलं, शाळेत बाईंनी काहीबी विचारलं, घरात टीव्हीवर काय बघता, अब्बा काय बोलतात, तर म्हणायचं मालूम नहीं. सहा वर्साचं पोरगं. बाईंनी विचारलं, सकाळी नाश्त्याला काय खाल्लं? म्हणलं, मालूम नहीं."

कुणीच काही बोललं नाही. ताई मान खाली घालून पिशवीचा बंद गुंडाळत राहिली.

बीदर म्हटलं की मला महमूद गवान आठवतो. इतिहास शिकवल्याचा दुष्परिणाम. आमचा किल्ला बहामनी वजीर महमूद गवाननं बांधला असं सांगतात. बीदरचा मोठा मदरसा तर त्याचाच, पंधराव्या शतकातला, लांबलांबून शिकणारी मंडळी यायची. हा माणूस मेला कसा? दरबारातल्या वैऱ्यांनी त्याचा शिक्का मिळवला, कोऱ्या कागदावर उमटवला आणि त्यावर ओरिसाच्या राजाला फितुरीचं पत्र लिहिलं. ते सुलतानाला दाखवलं. सुलतान दारूच्या अमलात. त्यानं सत्तरी ओलांडलेल्या म्हाताऱ्याला विचारलं, शिक्का तुझा का? तो म्हणाला, शिक्का माझा, मजकूर माझा नाही. 1481 च्या एप्रिलमध्ये त्याची मान उडवली. सुलतान पुढं पस्तावला आणि वर्षभरात गेला. बहामनी राज्यही मग धड उभं राहिलं नाही. मी हे सांगितलं तर आक्का म्हणाल्या, "बगा. कागदावर शिक्का हाय म्हणल्यावर कोण इचारतंय."

आमचे हे ओट्यावर पेपर तोंडापुढं धरून ऐकतच होते. कोर्टात नाझर होते. कलम निघालं की गप्प बसवत नाही. तिथूनच म्हणाले, "सात वर्षांखालच्या मुलानं काहीही केलं तरी तो गुन्हाच होत नाही. पूर्वी ब्याऐंशी कलम, आता नव्या संहितेत वीस."

"मंग कळवायचंच न्हाई कायबी?" आक्का त्यांच्यावर उलटल्या. "बदलापूरला न कळवल्यानंच गाव पेटलं न्हवं?"

"ते निराळं, आक्का," ताई पहिल्यांदा चढ्या आवाजात बोलली. "लेकराला कुणी हात लावला, मारलं, चटका दिला, तर मी कुणाची वाट बघणार न्हाई. आई हात जोडू दे, सरपंच येऊ दे. पोक्सो हाय त्याला. न कळवलं तर मला सहा महिने."

"कलम एकोणीस आणि एकवीस," ओट्यावरून आवाज आला. "संस्थेच्या प्रमुखाला वर्ष."

2024 च्या ऑगस्टमध्ये बदलापुरात बालवर्गातल्या दोन मुलींवर अत्याचार झाला, आईबापांना पोलीस ठाण्यात ताटकळावं लागलं, आणि लोक रेल्वे रुळांवर उतरले. शाळेच्या चालकांवरही न कळवल्याबद्दल गुन्हा नोंदला गेला. तिथं कळवणं कुणाला खटकतं? लेकराच्या अंगावरचा वळ हा वळच असतो, तो हिंदूच्या लेकराला निराळा आणि मुसलमानाच्या लेकराला निराळा दिसत नाही. चित्रातला सुरा मात्र दिसतो. मला तरी फरक एवढाच कळला, आणि मला तो पुरतो.

आक्कांना मात्र पुरला नाही. त्यांच्या लेकीनं साउथपोर्टचंही सांगितलं होतं. 2024 च्या जुलैत तिथं नाचाच्या शिबिरात एका सतरा वर्षांच्या पोरानं तीन चिमुरड्या मुलींना भोसकून मारलं. "न कळवल्यानं झालं," आक्का म्हणाल्या. तर तसं नव्हतं. कळवलं होतं. पोरगं तेरा वर्षांचं असताना पहिल्यांदा शाळेनंच कळवलं, नंतर आणखी दोनदा. तिन्ही वेळा, हा कुठल्या एका विचाराचा नाही, म्हणून फाइल बंद केली. बाईंनी आपलं काम केलं, कागद पुढं गेला, आणि कागदानं कागदाचं काम केलं.

भाभींनी आभाळाकडं बघितलं. साडेसहाला अजून अवकाश होता. मला काय झालं कोण जाणे, की रोज्यात तहानलेल्या बाईसमोर काकडीच्या फोडी बघून जीव ओशाळला म्हणा, मी ते बोलून बसले जे वीस वर्षं बोलले नव्हते.

मी तेव्हा ज्या शाळेत होते तिचं नाव नको. दर वर्षी गॅदरिंगला अफझलखानाचा वध व्हायचा. बसवायची मीच. पहिल्या दिवशी वर्गात विचारायचं, महाराज कोण होणार? चाळीस हात वर. जिजाऊ कोण होणार? सगळ्या मुली. खान कोण होणार? आणि एकही हात वर व्हायचा नाही, पण चाळीस माना एकाच बाकाकडं वळायच्या. तिथं भाभींचा थोरला बसायचा. दुसरी, तिसरी, चौथी, तिन्ही वर्षं. मी काही म्हटलं नाही. आवाज दणकट होता त्याचा, मलाही सोयीचंच झालं. प्रतापगडावर महाराजांच्या दहा अंगरक्षकांत सिद्दी इब्राहिम होता आणि खानाचा वकील कृष्णाजी भास्कर कुलकर्णी होता, हे मला ठाऊक नव्हतं असं नाही. नाटकात बसवायचं सुचलं नाही, एवढंच. सुचलं तेव्हा तो पोरगा पाचवीला दुसऱ्या शाळेत गेला होता. त्या वर्गात लक्षण दिसलं होतं, अगदी लख्ख. चाळीस मानांमध्ये. बघणारी एकटी मीच होते. मला कुणी कळवायचं होतं?

"दाढी मीच चिकटवायची," भाभी शांतपणे म्हणाल्या. "कापूस काळा करून. गाल लाल व्हायचे त्याचे डिंकानं."

"तुम्ही कधी बोलला नाहीत."

"खूश असायचा की तो. आरशासमोर खानाचं हसायचा. सगळ्यांत मोठ्यानं. चौथीला मात्र दाढी लावताना म्हणला, अम्मी, हर साल मैंच मरतूं क्या?" त्यांनी ओढणी सारखी केली. "आले होते मी तुमच्याकडं दुसऱ्या दिवशी. तुम्ही दाखल्याचे कागद लिहीत होतात. म्हणलं, जाऊ दे. बाईंच्या हातात कागद असला की तोंड उघडत न्हाई आमचं."

तो पोरगा आता पुण्याला मेकॅनिक आहे. दिवाळीला आला की फराळाला येतो, मोठ्यानं हसतो. मी कधी विचारलं नाही, आजही विचारायचं धाडस नाही.

आक्कांनी चिरलेल्या फोडी भाभींच्या ताटात भरल्या, वरून थोडं मीठ, थोडं तिखट. "तिखट कमी घाला," भाभी म्हणाल्या, "दिवसभर पोट रिकामं." ताईनं तिचा कागद परत उलगडून त्यांच्यापुढं धरला. "भाभी, तुम्ही सांगा, काय हाय हे?"

भाभींनी हात लांब करून, डोळे बारीक करून बघितलं. शिवणाऱ्या बाईची नजर. "पायजमा हाय का? एकच पाय?"

त्यावर मात्र सगळ्या हसलो, ओट्यावरचा पेपरसुद्धा हलला.

"अगं, पण तू पोराला विचारलंस का, काय काढलंय म्हणून?" मी ताईला म्हटलं.

"कुठलं? त्या चेहऱ्याच्या नादात राहिलंच. उद्या विचारते."

दुसऱ्या दिवशी दुपारी मी अंगणात कपडे झटकत होते. पांढऱ्या धोतरावर काजळीचे बारीक काळे कण, झटकावं तर पसरतात, शेपट्या निघतात. खिंडारातून ताईचं डोकं वर आलं.

"बाई, तोफ न्हाई! कारखान्याची चिमणी हाय."

"आडवी?"

"उभी काढायला कागद पुरंना म्हणला."

"आणि ते ठिपके?"

"काजळी. आन् खाली चौकोनात आज्जी हाय, कुरडयांवर पदर धरून बसलीय."